सव्वा वीत

अठरा वर्षांत केरू गवंड्याने अबू धाबीत इतक्या भिंती उभ्या केल्या, की त्या सलग जोडल्या असत्या तर त्याच्या गावाला चहूबाजूंनी तटबंदी झाली असती आणि शेजारच्या दोन वाड्याही आत आल्या असत्या. पण आपण बांधलेल्या भिंतीच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं भाग्य गवंड्याला नसतं. काम झालं, खलास. दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन उभा राहतो आणि ज्याने गेटचे खांब बांधले त्यालाच विचारतो, कुणाकडे जायचंय? केरूने बंगले बांधले, शाळा बांधल्या, एका हॉस्पिटलचे तीन मजले फरशीने मढवले. एवढ्यांपैकी एकाच ठिकाणी तो राजरोस दार ढकलून आत जाऊ शकत होता, खुर्ची ओढून बसू शकत होता आणि वर पाणी थंड नाही म्हणून तक्रारही करू शकत होता. ते ठिकाण म्हणजे मोहम्मद बिन झायद सिटी या उपनगरातलं ‘फियोना पिझ्झा’.

सात टेबलांचं दुकान. वसईच्या विल्फ्रेड तुस्कानोने वीस वर्षं मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये घाम गाळून ते उभं केलं आणि त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं. कोपऱ्यात पांढऱ्या घुमटाची, लाकडावर चालणारी भट्टी. ती केरूने बांधलेली. भट्टीशेजारच्या भिंतीवर फ्रेममध्ये केरूचा फोटो, हातात थापी घेतलेला, आणि खाली इंग्रजीत ‘ओव्हन बाय उस्ताद केरू’. केरूला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्या नावाची चार अक्षरं तेवढी तो लांबूनही ओळखायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मुसफ्फ्याच्या कामगार कॅम्पातून बस पकडून यायचा, फोटोच्या समोरच्याच टेबलावर बसायचा आणि एक पिझ्झा एकटा संपवायचा.

आज मात्र तो एकटा नव्हता. बरोबर बायको होती. लेक रंजिता गेल्या वर्षी रुवैसच्या एका कंपनीत ऑफिसला लागली आणि तिने पहिली गोष्ट कोणती केली, तर आईला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. नर्मदा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, उतरली, आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, “ती तुमची भट्टी दावा आधी. बाकीचं दुबई-बिबई मागनं.”

बसमध्ये तिने मोरपंखी साडीचा पदर नीट खोचून घेतला आणि विचारलं, “एकट्यानं बांधली म्हणं तुम्ही?”

“एकट्यानंच की. हाताखाली एक नेपाळी हुता तेवढा,” केरू म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. गोदामं आणि वाळू.

खरं सांगायचं तर केरूची छाती फुगली होती, पण बायकोकडे मान वळवायचा धीर त्याला होत नव्हता. कारण त्या फोटोखालचं नाव अर्धंच खरं होतं. उरलेल्या अर्ध्याचा मालक आज त्याच्या शेजारच्या सीटवर बसून शेंगदाणे खात होता, आणि त्या मालकाला त्याचा पत्ताच नव्हता.

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. विल्फ्रेडच्या दुकानाच्या प्लास्टर-फरशीचं काम केरूच्या कंपनीला मिळालं होतं. बाहेरून मागवायच्या भट्टीचा भाव ऐकून विल्फ्रेड हबकला आणि मोबाइलमधला फोटो केरूसमोर धरून म्हणाला, “उस्ताद, जमेल का असं काही?” तोपर्यंत दहा वर्षांत केरूला कुणी ‘उस्ताद’ म्हटलं नव्हतं. ‘ए मिस्त्री’ म्हणायचे, नाहीतर बॅजवरच्या नंबरने हाक मारायचे. त्या एका शब्दावर केरू पाघळला. फोटोत विमान दाखवलं असतं तरी त्या दिवशी तो हो म्हणाला असता.

भट्टी दिसायला झकास झाली. पेटवली आणि घात झाला. सगळा धूर दुकानात. शेजारचा टेलर फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावत आला. पाच दिवसांवर उद्घाटन, चर्चचे फादर आशीर्वाद द्यायला येणार, कार्डं वाटून झालेली. विल्फ्रेड नुसता खुर्चीत बसून राहिला. त्याचं ते बसणं केरूला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याने गावी फोन लावला. नर्मदा चुली घालण्यात नावाजलेली. वाडीत कुणाच्या घरी धूर कोंडला, सुनेचे डोळे चुरचुरायला लागले, की बोलावणं नर्मदेला. ती यायची, चुलीपुढे उकिडवी बसायची, हाताने मापायची, दोन ठिकाणी खरवडायची, एका ठिकाणी चिखल थापायची, आणि धूर मुकाट्याने वर जायला लागायचा.

“आत उंची किती हाय?” तिने फोनवर विचारलं.

“दोन विती.”

“आन् तोंड?”

“पावणेदोन.”

ती म्हणाली, “अवो, एवढा आ वासल्यावर धूर आत कशाला थांबल? दोन विती पोट असंल तर तोंड सव्वा वीत. जाळ आत फिरला पायजे. मग धूर आपसूक धुराड्याची वाट धरतो.”

केरूने त्याच संध्याकाळी तोंड फोडून पुन्हा बांधलं. सव्वा वीत. भट्टी अशी ओढायला लागली, की विल्फ्रेडने त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली, “उस्ताद, उस्ताद” म्हणत नाचला आणि तो फोटो काढला. त्या गडबडीत कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? आता चारचौघांत, गळ्यात हार असताना, कुठला गडी सांगेल की बायकोने चुलीवरून सांगितलं? केरू नुसता हसला. दोन दिवसांनी नर्मदेनेच फोनवर विचारलं, “ओढाया लागली का?”

“विटा वल्या हुत्या गं,” केरू बोलून गेला. “वाळल्या, लागली वढायला.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय संपला. केरूचा मात्र तो आठ वर्षं संपला नाही. विल्फ्रेड नव्या गिऱ्हाइकांना भट्टीची गोष्ट सांगायला लागला, की केरू मान खाली घालून ताटलीत बघायचा. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय.

दुकानाचं दार ढकलताना केरूने मनाशी ठरवलं होतं. खायचं, भट्टी लांबून दाखवायची, आणि विल्फ्रेडचं तोंड सुटायच्या आत उठायचं.

पण विल्फ्रेड काउंटरमागून धावतच बाहेर आला. “वहिनी! या, या! आज आमच्या दुकानाची खरी ओनर आली. फियोना, से हॅलो!”

बारा वर्षांची फियोना कोपऱ्यात वह्या पसरून बसली होती. तिने मान वर केली. “हॅलो आंटी. पपा, इज शी उस्ताद अंकल्स वाइफ? फायनली!” आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

नर्मदेला मेनूकार्ड दिलं. अक्षरं नाही तरी आकडे तिला येत होते. “अठ्ठावीस दिरहम,” तिने बोट ठेवलं आणि जरा वेळाने डोळे विस्फारले. “अवो, साडेसहाशे रुपयं! साडेसहाशेची भाकरी?”

“वहिनी, तुमच्याकडून पैसे घेतले तर लिली मला आज घरात घेणार नाही,” विल्फ्रेड म्हणाला. लिली म्हणजे त्याची बायको. ती चर्चच्या कामात होती, नाहीतर तीही येऊन बसली असती.

भट्टीपुढे खैरुद्दीन उभा होता, गोरखपूरचा. लांब दांड्याच्या फळीवर पिझ्झा घेऊन तो कमरेत पार वाकला, मान वाकडी करून आत बघितलं, पिझ्झा सरकवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. केरूला बघून त्याने नेहमीचं गाऱ्हाणं गायलंच. “उस्ताद, दरवाज़ा तीन उंगल ऊपर रखते तो मेरी कमर बच जाती!”

केरूने नेहमीसारखंच ऐकू न आल्यासारखं केलं.

पिझ्झा आला. विल्फ्रेडला वाटलं, वहिनी आता वरचं चीज बघतील, रंग बघतील. नर्मदेने एक तुकडा उचलला आणि सरळ उलटा केला. खालची बाजू उजेडात धरून बघितली, नखाने टकटक केलं, कडेला बोटाने दाबलं. विल्फ्रेड श्वास रोखून उभा. त्याच्या दुकानात येऊन आजवर पिझ्झ्याची पाठ कुणी तपासली नव्हती.

“भाजलीया,” तिने निकाल दिला. “करपली कुठंच न्हाई. जाळ सारखा फिरतोय.” मग खाल्ला. चावत चावत म्हणाली, “कालवण वरनंच वतलंय. चांगलं हाय पण.” आणि तिची नजर भट्टीच्या तोंडाकडे गेली. तिथे बराच वेळ राहिली. “धूर कसा शान्यावानी वर चाललाय.”

“गार हुतंय, खा,” केरू घाईने म्हणाला.

एवढं विल्फ्रेडला पुरे होतं. त्याने शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसला. केरूने ताटलीत नजर खुपसली.

“वहिनी, तुम्हाला उस्ताद घरी काय सांगतात मला माहीत नाही. बिलकुल मॉडेस्ट माणूस. म्हणून मी सांगतो. ओपनिंगला पाच दिवस, आणि सगळा धूर आत! मी बोललो, खलास, डुबलो. दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. ड्रॉइंग नाही, टेप नाही. भट्टीसमोर उभे राहिले, डोळे मिटले, हात असा हवेत पसरला, आणि बोलले, सव्वा वीत! बस. सव्वा वीत! आणि तेव्हापासून आजपर्यंत या भट्टीने एकदा पण त्रास दिला नाही. आय टेल एव्हरीबडी. हे नॉलेज कॉलेजात मिळत नाही, वहिनी, ते रक्तात लागतं.”

नर्मदेचा घास तोंडातच थांबला.

“सव्वा वीत,” ती हळूच म्हणाली. मग केरूकडे वळली. त्या नजरेत राग असता तर केरूला बरं वाटलं असतं, रागाची त्याला सवय होती. ती नुसती बघत होती, ओल्या विटांचा हिशेब आता जुळल्यासारखी. केरूने मान खाली घातली. आता ती बोलणार, या सगळ्यांपुढे आपली शोभा होणार, आणि व्हायलाच पाहिजे, असं त्याला वाटलं.

नर्मदेने घास गिळला, पदराने ओठ पुसले आणि विल्फ्रेडला म्हणाली, “हुशार हायती ते. पहिल्यापास्नंच.” आणि दुसरा तुकडा उचलला.

झालं. तिने झाकून घेतलं. केरू सुटला होता. आता नुसतं गप्प बसायचं आणि पिझ्झा संपवायचा. पण आपल्या नवऱ्याचा मान परमुलखात राहावा म्हणून स्वतःचं एवढं मोठं काम एका घासाबरोबर गिळून टाकणाऱ्या त्या बाईकडे बघून केरूला आतून असं काही भडभडून आलं, की त्याला बसवेना. तो उठून उभा राहिला. खुर्ची मागे कलंडली.

“शेठ, भिंतीवरनं तो फोटू काढा.”

“काय? कुठला फोटो?”

“माझा. ते समदं खोटं हाय. डोळं मिटलं न्हाई का काय न्हाई. मी हिला फोन केला हुता. गावाला. सव्वा वीत हिनं सांगितली. माझ्या डोक्यातनं कायबी निघालं न्हाई, मी नुसत्या विटा लावल्या.” तो बायकोकडे वळला. “आन् विटाबी वल्या नव्हत्या, नर्मदे.”

पलीकडच्या टेबलावरचं केरळी कुटुंब खायचं थांबलं. फियोनाने पेन खाली ठेवलं. विल्फ्रेड एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला आणि मग कपाळावर हात मारून घेतला. “उस्ताद! आठ वर्षं! अरे, मी ही स्टोरी फादरना पण सांगितली!” आणि तो मनापासून हसायलाच लागला.

“क्या हुआ, भाई?” खैरुद्दीनने विचारलं. विल्फ्रेडने त्याला हिंदीत सगळं समजावलं. भट्टीची खरी उस्ताद कोण ते कळल्यावर खैरुद्दीनने पहिली गोष्ट केली ती तक्रार. “तो भाभीजी, आपने ही ये दरवाज़ा तीन उंगल नीचे रखवाया? आठ साल से कमर टूट रही है!”

इतका वेळ शांत बसलेली नर्मदा आता उठली. नवरा खोटं बोलला ते तिने पोटात घातलं होतं, पण मापात चूक? तीही तीन बोटांची? “माझ्या मापात?” ती म्हणाली. “आजवर बोटाचा फरक पडला न्हाई माझ्या मापात. अवो, पोट किती सांगितलं हुतं तुम्ही?”

“दोन विती.”

“कुणाच्या विती?”

“माझ्या.”

“आन् तोंड सव्वा वीत, ती कुणाची वीत धरली?”

केरू पायाने खुर्ची सरळ करायला लागला.

“कुणाची, म्हणते मी?”

“तुझी,” केरू म्हणाला.

“माझी?” नर्मदा बघतच राहिली. “पोट तुमच्या हातानं आन् तोंड माझ्या हातानं? असं कुठं माप असतं व्हय? आन् मी तर तिकडं गावाला!”

“तू सांगितलीस म्हणून वाटलं तुझीच धरायची. चुलीपुढं तर तूच मापतीस.” अठरा वर्षं परमुलखात सरळ ओळंब्यात भिंती बांधणारा माणूस आता दहा वर्षांच्या पोरासारखा खाली बघत होता. “मग घेतली अंदाजानं.”

“अंदाजानं,” नर्मदा म्हणाली. “झाकण हाय का हिला?”

होतं. दुकान बंद करताना भट्टीच्या तोंडाला लावायचं लोखंडी झाकण, तोंडाच्या नेमक्या मापाने कापलेलं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. खैरुद्दीनने ते उचलून टेबलावर उभं धरलं. नर्मदेने बांगड्या मागे सारल्या, हात पसरला आणि अंगठा झाकणाच्या तळाशी टेकवला. करंगळी जिथे पोचली तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. त्याच्यावर पाव वितीची तिची नेहमीची तीन बोटं आडवी लावली.

झाकण तिथेच संपलं. ना सूतभर वर, ना सूतभर खाली.

तिने पुन्हा मापलं. तेवढंच.

“तवा गावाला येऊन किती दिस झालं हुतं तुम्हाला?” तिने झाकणावरून हात न काढता विचारलं.

“तीन वर्सं. त्या साली सुट्टी मिळाली नव्हती.”

“आन् एवढा माझा हात ध्येनात हुता?”

केरूचे कान तांबडे झाले. “बांगड्या मीच आणायचो की तुझ्या मापाच्या,” तो पुटपुटला. “ऱ्हातंय ध्येनात.”

नर्मदेचे डोळे भरले होते आणि या वेळी धुराला दोष द्यायची सोय नव्हती. वाडीत तिने शंभर चुली घातल्या असतील, पण एकाही बाईने कधी तिचं नाव चुलीवर लिहिलं नव्हतं, लिहितही नाहीत. आणि इथे, समुद्रापलीकडच्या परक्या मुलखात, लोक गाड्या घेऊन जेवायला येतात त्या दुकानात, तिच्या हाताएवढं दार होतं. तिला एकदम ताठ उभं राहावंसं वाटलं आणि ती राहिली.

“सो द ओव्हन इज द साइज ऑफ आंटीज हँड?” फियोना टेबलाशी येऊन उभी होती. तिने आपला हात पसरून नर्मदेच्या हाताशेजारी झाकणावर ठेवून बघितला. “दॅट इज सो कूल. पपा, आय विल मेक अ न्यू कार्ड. बोथ नेम्स.”

“बरोबर आहे,” विल्फ्रेड म्हणाला. “हा फोटो काढू या, वहिनी. दोघांचा नवीन लावू.”

“फोटू ऱ्हाऊ द्या,” नर्मदा म्हणाली. “भट्टी ह्यांचीच हाय. तोंड तेवढं माझं.”

“ते तर लगीन झाल्यापास्नं समद्यांला म्हाईत हाय,” केरूच्या तोंडून गेलं, आणि विल्फ्रेड असा हसला की त्याला टेबल धरावं लागलं. खैरुद्दीनला मराठी कळली नव्हती, तरी तोही हसला. मग नर्मदा त्याच्याकडे वळली आणि आपल्याला येत होत्या नव्हत्या तेवढ्या हिंदीत म्हणाली, “भाऊ, तुमका कंबर का चूक हमारे मालक का है. मेरा माप बराबर होता!”

“नहीं भाभीजी,” खैरुद्दीन म्हणाला. “अब पता है किसके आगे झुक रहा हूँ. अब नहीं दुखेगी.”

दुसरा पिझ्झा विल्फ्रेडने न विचारताच लावायला सांगितला. तो येईपर्यंत फियोनाने नर्मदेला तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दाखवलं. सात अक्षरं. केरूची चार, नर्मदेची सात. केरूने ती मोजली आणि त्याला जास्तच बरं वाटलं.

तेवढ्यात दार उघडून एक नवीन जोडपं आत आलं. माणूस भट्टीकडे बघत थांबला आणि त्याने इंग्रजीत विचारलं, इटलीची का? विल्फ्रेड सवयीने पुढे झाला, सवयीने हात हवेत पसरला, मग थबकला. त्याने नर्मदेकडे बोट दाखवलं आणि गोष्ट नव्याने सांगायला सुरुवात केली.

ही गोष्ट आठ वर्षांत केरूने शंभरदा तरी ऐकली असेल, दर वेळी ताटलीत बघत. आज त्याने ताटली बाजूला सारली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मान वर करून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.